फरक नाही, असे मी लिहिले

गिरजे,

तुझी तेरवी आटोपून मी परवा नागपूरला परतलो. घरात शिरलो आणि पायही न धुता कपाटातून तुझी ती वही काढून टेबलाशी बसलो. तुझी वहिनी पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होती. आई गेली तेव्हा तू तिला म्हणाली होतीस, "वहिनी, दादाले रडाले बी कोष्टक लागते." त्या दिवशी मला तुझा राग आला होता. परवा ते पुन्हा म्हणायला तू हवी होतीस.

ही वही कशाची, हे तुला सांगण्याची गरज नाही. पण सवयीने मी प्रत्येक गोष्ट पहिल्या पायरीपासून मांडतो, आणि या एका प्रकरणात मी एक पायरी गाळली होती. म्हणून आज सगळे क्रमाने लिहितो. नऊ हंगामांपूर्वी मी एका कागदावर एक वाक्य लिहून खाली सही केली. त्या वाक्यामुळे भिवापूरच्या मिरचीच्या सातऱ्यावरची, म्हणजे मिरची वाळवून निवडायच्या आवारातली, एक पत्र्याची भिंत आजही उभी आहे, आणि तिच्या आत आजही बायका बसतात. तू मात्र आता त्यांच्यात नाहीस.

मी महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवतो. दरवर्षी दिवाळीनंतर शून्य परिकल्पनेचा धडा येतो, आणि दरवर्षी मुले तिथे अडतात. आकडेमोड त्यांना जमते. या धड्याची वृत्ती जमत नाही. दोन गोष्टींत फरक आहे असे वाटते म्हणून तर आपण तपासायला निघतो, मग सुरुवात 'फरक नाही' असे धरून का करायची? मी सांगतो, कारण आपले मन पक्षपाती असते. म्हणून आधी फरक नाही असे धरावे. मग विचारावे, खरोखर फरक नसता, तर समोर दिसतो एवढा फरक नुसत्या योगायोगाने दिसणे कितपत शक्य होते? ते फारच दुर्मिळ ठरले, तरच धरलेली गोष्ट सोडावी. दुर्मिळ कशाला म्हणायचे, ती रेषा आधीच आखून ठेवावी. निकाल पाहून सरकवू नये.

हे सगळे मी एका सकाळी ओसरीवर येरझाऱ्या घालत मोठ्याने म्हणत होतो. तू चार दिवस माहेरपणाला आली होतीस. आई-बाबा गेल्यावर उमरेडचे घर आणि बाबांचा हातमाग दोन्ही मोडले, तेव्हापासून तुझे माहेर म्हणजे नागपुरातले माझे भाड्याचे घर. तू सुपात तांदूळ निवडत होतीस.

"काय बडबडून राहिला गा दादा?"

"उद्याचा धडा आहे."

"मले बी सांग की. सातवी पास हावो मी."

मी सांगितले. तू ऐकत होतीस, आणि बोटे तांदळातून फिरत होती. बाबांच्या मागावर ताण्यातला तुटका धागा तू अशीच न पाहता शोधायचीस.

"म्हंजे हे सुनेचं झालं," तू म्हणालीस.

"कसले सुनेचे?"

"घरात दुधाचं गंज उपडं झालं का पहिला आळ सुनेवर. सून म्हणते, मी नाही वं, मांजर व्हती. सासू म्हणते, तूच, नाही त सिद्ध कर. तुह्या शास्त्रात उलटं. पहिले सून सुटलेली. सिद्ध कराचं ते सासूनं."

"अगदी बरोबर."

"मंग हे शास्त्र एक महिना माह्या सासूकडं पाठोव."

स्वयंपाकघरातून तुझी वहिनी मोठ्याने हसली. मीही हसलो. तू मात्र सूप झटकता झटकता थांबलीस.

"पन सासूले सिद्ध नाही करता आलं, म्हून सुनेनं सांडलंच नाही, असं थोडीच हाये? सांडलं बी असन. नुसतं धरता नाही आलं."

गिरजे, मी खडू हाती घेतल्यापासून त्या दिवसापर्यंत माझ्या वर्गातल्या एकाही विद्यार्थ्याने हे आपणहून म्हटले नव्हते. पुरावा मिळाला नाही, याचा अर्थ गोष्ट घडलीच नाही असा होत नाही. एवढ्या एका वाक्यासाठी मी दोन तासिका खर्च करत असे आणि तरी निम्म्या उत्तरपत्रिकांत ते चुकलेले सापडत असे. दुसऱ्या दिवशी मी वर्गात सून, सासू आणि दुधाचे गंज मांडले. वर्ग हसला, आणि कळले असेही दिसले. त्यानंतर दरवर्षी मी तेच उदाहरण देत आलो. ते माझ्या बहिणीचे आहे, हे एकदाही सांगितले नाही. का सांगितले नाही, याचे उत्तर मला ठाऊक आहे. माझी बहीण सातऱ्यावर मिरच्यांचे देठ खुडते, हे मला वर्गात सांगायचे नव्हते.

तुझ्या सातऱ्याची गोष्ट मी कधी कोणाला सांगितलीच नाही, म्हणून आज थोडे लिहितो. गावाबाहेरचे मोकळे आवार. मैदानभर लाल मिरची वाळत घातलेली. बायका रांगेने बसून मुकडे, म्हणजे देठ, मोडतात. बोटांची आग होऊ नये म्हणून हाताला तेल आणि नाकावर पदर. आवाराच्या एका कडेला पत्र्याची शेड, तीन बाजूंनी बंद. तिच्यात फुटकी मिरची चाळणीवर चाळून बी वेगळे काढायचे. मी एकदाच त्या शेडमध्ये पाऊल टाकले आणि दोन श्वासांत बाहेर आलो. डोळे पुसत होतो, तेव्हा तू आतून ओरडलीस, "काहून गा दादा, तुह्या शून्यानं ठसका नाही थांबला?" आतल्या साऱ्या बायका हसल्या. हसता हसता त्यातल्या बऱ्याच जणी खोकल्या, आणि ते मी ऐकले होते.

शेडमधल्या बायकांचा खोकला घरी गेल्यावरही जात नाही, हंगाम संपला तरी जात नाही, असे तुझे म्हणणे होते. मोकळ्यावर बसणाऱ्यांचा जातो. तू सातऱ्याच्या मालकाकडे, शेठकडे गेलीस. मागणी साधी होती: मागची पत्र्याची भिंत काढा, वारा वाहू द्या. शेठ म्हणाला, "मिरचीत बसल्यावर ठसका नाही लागणार त काय अत्तराचा वास येईन? तुमचे भाऊ प्रोफेसर आहेत ना? त्यांचा कागद आणा. मंग पाहू."

तू छोट्या गाडीने इतवारी स्टेशनवर उतरलीस ती थेट माझ्या घरी आलीस. मला तो दिवस नीट आठवतो, कारण मला अभिमान वाटला होता. माझे शास्त्र माझ्या बहिणीच्या उपयोगी पडणार होते. मी तुला वही दिली, दोन रकाने आखून दिले, हो आणि नाही. शेडमधल्या बायका एका पानावर, मोकळ्यावरच्या दुसऱ्या पानावर. आणि मग, एखाद्या नव्या विद्यार्थ्याला बजवावे तसे, तुला बजावले, "तुझे मन कोणत्या बाजूला आहे ते तुला ठाऊक आहे. म्हणून त्या बाजूला वजन टाकायचे नाही. जे स्वतः पाहिले तेच 'हो'. जिथे शंका येईल, तिथे 'नाही'च्या रकान्यात लिहायचे."

"शंका आली त नाही?"

"नाही. नाहीतर शेठ म्हणेल, भावाने बहिणीसाठी आकडे फुगवले."

तू मान डोलावलीस. स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेलीस आणि तिथे तुला बराच वेळ खोकला आला. वहिनी फोडणी देत होती. फोडणीचा ठसका, असे मी मनात म्हटले आणि उद्याच्या उत्तरपत्रिकांकडे वळलो.

हा सल्ला चुकीचा होता. आज हे मी शिक्षक म्हणून लिहितो आहे, भाऊ म्हणून लिहायचे ते अजून पुढे आहे. शंकेला 'नाही' म्हणणे हा काटेकोरपणा नव्हे. शंकेसाठी तिसरा रकाना आखून द्यायचा असतो. मी तो आखला नाही. शून्य परिकल्पनेने आधीच सातऱ्याला निर्दोष धरले होते. मी तुलाही त्याच्याच बाजूने उभे केले.

दीड महिन्याने वही आली. अक्षर तुझे नेहमीचे, ओळीवर बसवलेले. एकाही नावावर खाडाखोड नाही. मी विभागातल्या हाताने फिरवायच्या गणकयंत्रावर दोन दुपारी बसून आकडेमोड केली. शेडमधल्या बायकांत खोकला अधिक दिसत होता, हे खरे. पण मोजकी नावे, आणि फरक असा की तेवढा योगायोगानेही दिसू शकला असता. मी आखलेली रेषा ओलांडली गेली नाही.

इथवर मी काही गैर केले नव्हते. गैर ते यापुढे.

मी लिहायला हवे होते: या नोंदी थोड्या आहेत; त्यांवरून फरक सिद्ध होत नाही; फरक नसल्याचेही सिद्ध होत नाही; अधिक नोंदी घ्याव्यात. मी असेच लिहायला बसलो होतो. मग वाटले, शेठला एवढे लांबलचक काय कळणार? आणि टेबलावर उत्तरपत्रिकांचा गठ्ठा होता. आणि, लपवण्यात आता अर्थ नाही, माझ्या हातून एक निःपक्षपाती निकाल निघाला, सख्ख्या बहिणीच्या विरुद्ध निघाला, याचे मला एक कोरडे समाधानही वाटले होते. मी लिहिले, "शेडमध्ये व मोकळ्यावर काम करणाऱ्या स्त्रियांच्या खोकल्यात फरक नाही." सही केली, खाली पदवी लिहिली.

ज्या वाक्याला मी दरवर्षी लाल शाईने अधोरेखित करून शून्य गुण देतो, ते वाक्य.

तू ओसरीवर उभ्या उभ्या वाचलेस.

"दादा, नाही म्हंजे नाहीच?"

"तसाच अर्थ धर."

"का हाये, पन दिसला नाही?"

"अगं, शेठला तेवढा बारकावा कळत नाही."

"शेठले नाही कळत. तुले कळते ना?" तू कागदाची घडी केलीस, पुन्हा उघडलीस. "मोठ्या भोकाच्या चाळणीत बी राह्यलं नाही, म्हून मिरचीत बीच नव्हतं का गा?"

मी म्हणालो, "गिरजे, शास्त्र असे भांडून बदलत नाही."

तू आणखी एकच प्रश्न विचारलास. "तुह्या शास्त्रात सून निर्दोष, हे मले तवा लई आवडलं व्हतं. पन इथं सून कोन हाये? खोकून आम्ही राह्यलो, आन् आळ आला म्हून रडून शेठ राह्यला. त्याले काहून सून केलं तुनं?"

मी घड्याळाकडे पाहिले. तुझी गाडी होती, तू निघालीस. आपला हा वाद तिथेच राहिला. तो पुढे नेण्यासाठी मला नऊ वर्षे मिळाली होती. तू दरसाल मिरची घेऊन आलीस, राखी बांधलीस, वहिनीशी तासन् तास बोललीस, माझ्या चष्म्याची टिंगल केलीस. शेडचा विषय काढला नाहीस. तुझा राग ओसरला, असे मी समजलो. तू बोलत नव्हतीस म्हणून राग नव्हता, हा निष्कर्षही मी त्याच चुकीच्या पद्धतीने काढला होता, हे आत्ता लिहिताना ध्यानात येते.

उत्तर आज देतो. परिकल्पना तपासताना दोन प्रकारच्या चुका होतात. नसलेला फरक आहे म्हणणे, ही पहिली. असलेला फरक न दिसणे, ही दुसरी. आमची पुस्तके पहिल्या चुकीवर कडक पहारा ठेवतात, दुसरीकडे जरा सैल पाहतात. मी वर्गात सांगत असे की कोणती चूक अधिक महाग पडते, ते प्रश्न पाहून ठरवावे. इथे पहिल्या चुकीची किंमत काय होती? एक पत्र्याची भिंत उगाच काढली गेली असती. चार खिळे आणि एक दुपार. दुसऱ्या चुकीची किंमत मी त्या दिवशी विचारातच घेतली नाही. सून शेठ नव्हता, गिरजे. तुझे बरोबर होते. कोणाला निर्दोष धरून सुरुवात करायची, हेही कोणीतरी माणूसच ठरवतो, आणि त्या दिवशी तो माणूस मी होतो.

मागच्या महिन्यात तुझ्या यजमानांनी, नामदेवरावांनी, तुला धंतोलीच्या दवाखान्यात आणले, तेव्हा तुझे पाऊल जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर थांबले. तू कठड्याला धरून मला म्हणालीस, "वर काय शेड हाये का?" डॉक्टरांनी विचारले, काम काय करता, घरी चूल आहे का, कोणाला पूर्वी असा त्रास होता का. तू सगळ्याची उत्तरे दिलीस. मी दारात गाठून त्यांना विचारले की हे मिरचीच्या धुळीने झाले का. ते सभ्य गृहस्थ होते. म्हणाले, "असू शकेल. चुलीनेही असू शकेल. एका रोग्यावरून असे ठामपणे सांगता येत नाही."

मी परत आलो तेव्हा तू ओळखलेस. "काय म्हन्ले?"

"ठामपणे सांगता येत नाही म्हणाले."

"पाह्य. डाक्टर बी तुह्याच शाळेतला निंगाला."

मला हसू आले नाही. तू हसलीस, आणि त्या हसण्याची मोठी किंमत तुला खोकल्यात द्यावी लागली. श्वास जागेवर आल्यावर तू माझे मनगट धरलेस.

"दादा, त्या वहीत मी एक लबाडी केली व्हती."

"कोणत्या वहीत?"

"खोकल्याच्या. नावाची लबाडी."

मी म्हणालो, "राहू दे. आता त्याचे काय? तू बोलू नकोस." मी तुझ्या अंगावरचे पांघरूण सारखे केले. नर्स आली, नळी बदलली. चौथ्या दिवशी तू गेलीस.

आता जे लिहितो ते मी कोणालाही सांगितलेले नाही, वहिनीलासुद्धा नाही. तू लबाडी म्हणालीस तेव्हा मला वाटले, तू खोकल्याची नावे वाढवली असणार. भिंत निघावी म्हणून न खोकणाऱ्या चारदोन जणींना 'हो'मध्ये घातले असणार. आणि मला हायसे वाटले. कारण नावे वाढवूनही रेषा ओलांडली गेली नव्हती. म्हणजे माझे वाक्य वाटले होते तितके चुकीचे नव्हते. तू समोर श्वासासाठी झगडत होतीस, आणि तुझा भाऊ मनातल्या मनात आपल्या सहीचा बचाव करत होता. तुझ्या चितेपाशी, आणि पुढच्या तेरा दिवसांतही, तो दिलासा माझ्याजवळ होता. मी त्याच्या आधाराने उभा होतो.

तेरवीला सातऱ्यावरच्या बायका आल्या. जेवणे झाल्यावर यशोदाबाई माझ्याजवळ येऊन बसल्या. शेडमध्ये चाळणीवर तुझ्या समोर बसणाऱ्या त्या. त्यांना बोलताना दर वाक्याला थांबावे लागते.

"मास्तर, तुमच्या कागदात काही नाही असं लिवलं व्हतं नं?"

"लिहिले होते."

"मंग गिरजी काहून गेली?"

मी म्हणालो, वही अपुरी होती. आणि मग, माझ्या त्या दिलाशाला पुष्टी मिळावी म्हणून म्हणा, मी हेही म्हणालो की गिरजाने वहीत काही नावे इकडची तिकडे केली होती, ती स्वतःच सांगत होती.

"केली नं," यशोदाबाई म्हणाल्या. "माहंच केलं. मी म्हटलं, वं गिरजे, मी रातभर खोकते. मले 'हो'त लिव. त म्हने, माह्या समोर कुठं खोकलीस आज? दिवसभर पाह्यलं मी तुह्याकडं. शंका हाये, त 'नाही'. दादानं बजावून सांगतलं. मी लई भांडली तिच्यासंगं."

मी विचारले, "आणखी कोणाकोणाची नावे अशी लिहिली?"

"मले काय मालूम? असतीन दोनचार. पन सोताचं त पहिलंच लिवलं तिनं 'नाही'त. मी म्हटलं, काय वं बाई, तू त आमच्याहून जास्त खोकतेस. त म्हने, माहं नाव 'हो'त पाह्यलं त दादाचं चित्त हालते. मंग तो बरोबर हिशेब नाही करनार. त्याले माह्याबिगरच करू दे."

हीच ती लबाडी. मी तुला शिकवले तसे तू वागलीस, गिरजे, आणि माझ्या एकाही विद्यार्थ्याला जमले नाही इतके कसोशीने वागलीस. आपल्या मताविरुद्ध तोललेस. माझे मन निःपक्षपाती राहावे म्हणून आपला खोकला माझ्यापासून लपवलास, आणि मी तो स्वयंपाकघरातून ऐकत होतो.

परवा मी वही घेऊन बसलो ते यासाठी. तुझे नाव 'नाही'मधून काढून 'हो'मध्ये ठेवले आणि सगळी आकडेमोड नव्याने केली. रेषा ओलांडली गेली नाही. यशोदाबाईंचे नाव हलवले. तरीही नाही. आणखी एक नाव हलवले असते तर ओलांडली जाणार होती, हे मांडण्याआधीच मला दिसत होते. पेन्सिल हातात होती. पण ते नाव कोणाचे, हे मला ठाऊक नव्हते. ज्यांना तू दिवसभर पाहिलेस आणि शंकेपोटी 'नाही' म्हटलेस त्या कोण, हे सांगणारी तू गेलीस. मी ते नाव हलवले नाही. हलवले असते तर ती गणना राहिली नसती, तो नवस झाला असता. वहिनी दोनदा जेवायला बोलावून गेली. मी कोष्टकावर डोके ठेवून बसलो होतो. तुझे ते कोष्टकाचे म्हणणे तिने ऐकले आहे, म्हणून तिने नुसता दिवा लावला आणि ती आत गेली.

काल मी पुन्हा भिवापूरला गेलो. आधी शेठकडे. माझा कागद त्याने अजून जपून ठेवला आहे. मी म्हणालो, यातले वाक्य चुकीचे आहे, मला ते खोडून खाली दुरुस्ती लिहायची आहे. त्याने कागद दिला नाही. "बहीण गेली, दुःख आहे, समजते मी," तो म्हणाला. "पन मास्तर, सही शुद्धीत केली होती ना?" मी म्हणालो, शुद्धीत केली होती, म्हणूनच दुरुस्त करायची आहे. त्याने पानसुपारी पुढे केली. मी उठलो.

मग मी यशोदाबाईंच्या घरी गेलो. या वेळी तीन रकाने आखून नेले होते. आणि या वेळी केवळ आज सातऱ्यावर बसणाऱ्यांची नावे घ्यायची नाहीत. ज्या खोकल्यामुळे काम सोडून घरी बसल्या त्यांचीही घ्यायची, ज्या गेल्या त्यांचीही. नऊ वर्षांपूर्वीच्या यादीत त्या येणे शक्यच नव्हते, हेही मला तेव्हा सुचायला हवे होते. यशोदाबाईंना घरे ठाऊक आहेत. आम्ही दोघांनी मिळून हे करायचे ठरवले आहे. पुढच्या हंगामाआधी पुरे व्हावे, कारण हंगाम सुरू झाला की त्या पुन्हा त्याच भिंतीच्या आत बसणार.

पानाच्या माथ्यावर मी पहिले वाक्य लिहिले. यशोदाबाईंच्या सुनेने ते वाचून दाखवले. "शेडचा आणि खोकल्याचा संबंध नाही."

यशोदाबाई माझ्याकडे पाहतच राहिल्या. "हे त पुन्हा तेच लिवलं तुमी."

मी त्यांना सांगितले की सुरुवात इथूनच करावी लागते. हे वाक्य खरे आहे म्हणून लिहीत नाहीत. पुरावा त्याला पाडतो का, हे पाहण्यासाठी लिहितात. आणि पुरावा कमी पडला, तर त्या दिवशी आपण फक्त गप्प बसायचे, 'नाही' म्हणायचे नाही. हे मी आयुष्यभर सांगत आलो, पण तुझ्या नावाच्या वर, माझ्या हाताने, सातऱ्याने तुला काहीही केले नाही असे लिहिताना माझी अक्षरे ओळीवर बसली नाहीत.

"मंग पहिलं नाव गिरजीचं लिवा," त्या म्हणाल्या.

मी तुझे नाव लिहिले. पुढे वर्षे लिहिली, शेडमधली. मग रकान्यांपाशी पेन थांबले आणि मी नियमाप्रमाणे विचारले, "खोकला होता?"

"तुमाले मालूम नाही का मास्तर?"

"मालूम आहे," मी म्हणालो. "पण मी तिला कधी विचारलेच नव्हते."

त्यांनी थोडा वेळ श्वास गोळा केला.

"व्हता," त्या म्हणाल्या. "लिवा."